गच्चीचा हिशोब आणि दिरांचं 'देतो की'

"ताई, अशोक चौकाच्या मागं आमचं जुनं दुमजली घर आहे. खाली आम्ही आणि सासूबाई, वर दीर-जाऊ, मागच्या खोलीत एक भाडेकरू. घर सासूबाईंच्या नावावर. गच्ची गळायची आणि उन्हाळ्यात वरची खोली भट्टी व्हायची. गुत्तेदारानं २८ हजार सांगितले, तेव्हा आमच्या ह्यांनी ठरवलं, आपणच करू. मे महिन्यात चार रविवार घालवून गच्ची साफ केली, भेगा भरल्या, पांढरा वॉटरप्रूफ कोट मारला. अंदाज ७ हजारांचा होता, झाले १४,१५०. यादी सोबत जोडली आहे. दिरांनी सुरुवातीला साडेतीन हजार दिले. उरलेले मागितले की म्हणतात, 'देतो की वहिनी, कुठं पळून चाललोय?' शिवाय म्हणतात, टँकर कशाला आणला, आणि गच्चीवर कुरडया-पापड तर तुम्हीच घालता. आमचे हे म्हणतात, छत त्यांच्या डोक्यावर आहे, त्यांनीच जास्त द्यावेत. आता दिवाळीआधी जिना आणि दर्शनी भिंत रंगवायची आहे, तेही घरीच. भाडेकरूकडूनही दोन हजार घेऊ, असं दीर म्हणतात. मला भांडण नको, पण पैसेही बुडवायचे नाहीत. अंदाज काढायचा कसा आणि वाटणी करायची कशी? मी स्वतः फक्त चहा-पाणी बघितलं आणि बादल्या वर नेल्या. – मोठी जाऊ"

जाऊबाई, तुमच्या पत्रात मी 'देतो की' पाशीच अडले. हा 'की' आपल्या सोलापुरी बोलण्यातला. त्यात 'मी नाही म्हटलंय का' ही तक्रार असते, 'परत परत काय विचारता' हा रुसवा असतो, फक्त तारीख नसते. तरी तुमचे दीर लबाड आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्या डोक्यात अजून सात हजारांचंच काम आहे. त्याचे निम्मे त्यांनी पहिल्याच दिवशी मोजून दिले आणि ते मोकळे झाले. पुढचे ७,१५० रुपये कधी, कसे, कुणाला विचारून गेले, हे त्यांना शेवटी एकदम कळलं. अंदाज चुकला याचं मला काहीच वाटत नाही. घरी केलेल्या कामाचा अंदाज चुकतोच. चुकल्यावर वरचा खर्च कुणी सोसायचा, हे तुम्ही कुणीच कुणाशी बोलला नव्हता, गाडी तिथं रुतली आहे.

तुमची यादी मी शेजारी कागद घेऊन नीट वाचली. गंमत म्हणजे त्यात उधळपट्टी कुठंच नाही. २० लिटरची बादली ५ हजारांची धरली होती, पडली ५,९००. कारण दुकानदारानं तोंडी सांगितलेला भाव जीएसटी सोडून होता आणि रंगाच्या मालावर तो १८ टक्के लागतो. हे ९०० रुपये कुणाच्याच चुकीचे नाहीत, फक्त 'सगळं धरून किती?' एवढा प्रश्न विचारायचा राहिला. मग आणखी १० लिटरचा डबा, ३,१००. इथं खरी गोम आहे. गच्ची ३० बाय २५, म्हणजे ७५० चौरस फूट. डब्यावर लिहिलेलं, दोन हातांत (दोन थरांत) लिटरला ४० चौरस फूट. भागाकार केला, पावणेएकोणीस लिटर आले, एक बादली आणली. पण कठडा? कोट कठड्यावरही फूटभर चढवावा लागतो, नाहीतर पाणी नेमकं त्या कोपऱ्यातूनच शिरतं. तुमच्या गच्चीचा घेर ११० फूट, म्हणजे आणखी ११० चौरस फूट. एकूण झाले ८६०. आणि डब्यावरचा आकडा गुळगुळीत, नव्या पृष्ठभागाचा असतो. तुमच्या गच्चीचा जुना कोबा, म्हणजे वरचा सिमेंटचा थर, तहानलेला. ३० लिटर पिऊन त्यानं लिटरला जेमतेम २८-२९ फूट दिले. माझ्या मते हे वाईट नाही.

बाकीचं किरकोळ. भेगा भरायचा माल ५०० रुपयांनी वाढला, ब्रश-रोलर-तारेचा ब्रश ३५० रुपयांनी. कठड्याच्या सांध्यासाठी एक दिवस गवंडी लावला, ९००. तो लावलात हे शहाणपण केलंत. राडारोडा आणि गच्चीवरचं जुनं भंगार न्यायला छोटा हत्ती, ७००. टँकर ७००. बेरीज बरोबर ७,१५० येते, मी दोनदा करून पाहिली. मात्र एक गोष्ट मला यादीत दिसली नाही. भंगार गाडीत भरून टाकून दिलं की भंगारवाल्याला दिलं? दिलं असेल, तर त्याचे पैसे आले असतील. ते आधी वजा करा. दीर हे विचारणार, आणि त्यांनी विचारावंच.

टँकरबद्दल मी तुमच्या बाजूची. दिरांना हे गणित दाखवा: ७५० चौरस फुटांवर एक इंच पाणी उभं करून गळती तपासायची, तर साडेबासष्ट घनफूट पाणी लागतं. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर मावतं, म्हणजे जवळजवळ १,७७० लिटर. त्याशिवाय गच्ची धुणं आणि गवंड्याच्या सिमेंटला आठवडाभर पाणी मारणं वेगळं. आपल्याकडे नळ रोज येत नाही. ज्या घरात पाण्याच्या दिवसावर धुण्याचा दिवस ठरतो, तिथं हौद उपसून गच्चीवर ओतला असता तर पहिलं भांडण तुमच्या धाकट्या जाऊबाईंनीच काढलं असतं, आणि मी त्यांची बाजू घेतली असती. (तेवढ्या पाण्याचं वजन पावणेदोन टन होतं, हेही लक्षात असू द्या. जुन्या स्लॅबवर इंचभरापेक्षा जास्त पाणी कधी उभं करू नका. आणि घर माळवदाचं, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताचं, असेल तर अजिबात नको.)

आता छत कुणाच्या डोक्यावर. तुमच्या यजमानांचं म्हणणं ऐकायला रोखठोक वाटतं, पण ते धरून चालायचं तर उद्या पाया आणि जोत्याची दुरुस्ती निघाली की सगळा खर्च तुमच्या अंगावर, कारण तुम्ही खाली राहता. स्लॅबमध्ये पाणी मुरलं की आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, सिमेंटची ढलपं पडतात. वरच्या खोलीत ते आधी दिसतं, इतकंच. घर एक, छत एक, निम्मे-निम्मे. वरच्या खोलीच्या सिलिंगला आतून रंग द्यायचा असेल तर तो खर्च मात्र दिरांचा. कुरडयांचा मुद्दा मी निकालात काढते: वाळवण वर्षाकाठी आठ-दहा दिवसांचं असतं आणि त्यातल्या अर्ध्या कुरडया वरच्या मजल्यावरच तळल्या जात असणार.

आता मेहनत. 'मी फक्त चहा-पाणी बघितलं आणि बादल्या वर नेल्या' असं लिहिलंत. त्या 'फक्त'ला मी लाल पेननं खूण केली आहे. मेच्या उन्हात दोन जिने चढून बादल्या नेण्याला गुत्तेदाराकडे बिगारीकाम म्हणतात आणि संध्याकाळी रोख पैसे मिळतात. २८ हजार आणि १४ हजार यांच्यातला फरक काही आकाशातून पडला नाही, तो तुमच्या दोघांच्या पाठीतून निघाला.

तेव्हा मेहनत धरायची कशी? माझी पद्धत अशी. भाव गवंड्याचा लावायचा नाही, बिगाऱ्याचा लावायचा. आपण मन लावून करतो, पण तासाला गवंड्याच्या निम्मंही होत नाही. बिगाऱ्याला दिवसाचे ६०० धरले आणि दिवस आठ तासांचा, तर तासाला ७५ रुपये. माझ्या अंदाजानं तुमच्या यजमानांचे साधारण २६ तास, तुमचे १४, दीर-जाऊंचे मिळून ८. म्हणजे तुमच्या बाजूची मेहनत ३,००० रुपयांची, त्यांची ६०० ची. माल-भाडं-मजुरीचे १४,१५० आणि घरच्या मेहनतीचे ३,६००, काम झालं १७,७५० चं. निम्मे ८,८७५. दिरांकडून आले रोख ३,५०० आणि मेहनत ६००. राहिले ४,७७५. मेहनत अजिबात धरली नाही, तर १४,१५० चे निम्मे ७,०७५, वजा ३,५००, राहिले ३,५७५.

या दोन आकड्यांत फरक बाराशे रुपयांचा आहे. माझं स्पष्ट मत विचाराल तर या वेळी ३,५७५ च मागा. तुमच्या मेहनतीची किंमत नाही म्हणून नव्हे. ती मोजायची असं आधी ठरलं नव्हतं, आणि न ठरवलेली मजुरी नंतर भावाला लावली की त्याला ते बिल वाटत नाही, टोमणा वाटतो. पण तासांचा हा हिशोब कागदावर लिहून जपून ठेवा. तो दिवाळीच्या कामाच्या आधी चौघांसमोर ठेवा: मागच्या वेळी असं झालं होतं, आम्ही सोडून दिलं, या वेळी तास लिहू.

हे सांगायचा मला अधिकार आहे, कारण मी एकदा याच खड्ड्यात पडले आहे. शेजाऱ्यांबरोबर मधल्या भिंतीला गिलावा करायचा होता. दोन्ही बाजू मिळून २०० चौरस फूट. वाळू ब्रासवर मिळते, ब्रास म्हणजे १०० घनफूट, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं काही नाही. अर्धा ब्रास मागवली. लागली दहा-बारा घनफूट. बोटभरही जाड नसलेल्या गिलाव्याला वाळू किती लागणार? उरलेली वाळू वर्षभर आमच्या दारात पडून होती आणि गल्लीतल्या समस्त मांजरांनी तिचा ताबा घेतला. पैसे दोघांनी निम्मे-निम्मे दिले होते. पुढं मी त्यातली दहा घमेली चाळून मोरीच्या कामाला वापरली. शेजारीण काही बोलली नाही. पण त्या संक्रांतीला तिळगूळ देताना म्हणाली, "वाळू छान निघाली म्हणे." मला अजून तो तिळगूळ आठवतो. तेव्हापासून माझा नियम आहे की 'किती आणायचं' याच्या जोडीला 'उरलं तर कुणाचं' हेही आधी बोलायचं. अवजारांचं तसंच. वर्गणीतून शिडी आणली की ती कुणाच्या दारामागं राहणार? मी म्हणते, अवजार एकानंच पूर्ण पैसे देऊन घ्यावं, ते त्याचंच राहावं, दुसऱ्यानं मागितल्यावर बिनबोभाट द्यावं. वर्गणीची शिडी दोन घरांत कधी सुखानं नांदत नाही.

आता दिवाळीचं काम. आधी दर्शनी भिंत यादीतून काढा. दुमजली घराची बाहेरची भिंत म्हणजे वीसेक फुटांची उंची, खाली रस्ता, बाजूला विजेची तार. त्याला परांची बांधावी लागते आणि ती बांधणारी माणसं वेगळी असतात. ते काम उक्तं द्या, दोन-तीन ठिकाणी भाव विचारून, आणि भाव विचारायला दोघे भाऊ मिळून जाऊ द्या, म्हणजे नंतर 'तू महाग माणूस आणलास' हे वाक्य निघत नाही. वेळही सांभाळा. आपल्या जिल्ह्यात खरा पाऊस सप्टेंबरात कोसळतो. दसरा आणि दिवाळीत वीस दिवस असतात, भिंत सुकून रंग बसायचा तो त्याच वीस दिवसांत.

जिना मात्र घरी करा, मजा येईल. बहुतेक लोक भिंतींच्या रंगाचा अंदाज फरशीच्या मापावरून काढतात आणि तिथंच फसतात. साधी १० बाय १२ ची खोली घ्या. फरशी १२० चौरस फूट. पण भिंती दहा फूट उंच असतील तर चारी मिळून ४४०. दार-खिडकीचे ३७ वजा केले तरी ४०३, वर सिलिंगचे १२०. रंग लागणार ५२३ चौरस फुटांना, फरशीच्या चौपटीपेक्षा जास्त. जिन्याची तिरकी भिंत मोजताना घाबरू नका: ती जिथं सर्वांत उंच आहे ती उंची, जिथं सर्वांत कमी आहे ती उंची, दोन्हींची सरासरी काढा आणि आडव्या लांबीनं गुणा. पायऱ्यांच्या खालची बाजू विसरू नका, ती सगळेच विसरतात.

माप झालं की डब्यावरच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. एक लिटर आणा आणि जिन्याखालच्या भिंतीवर मारून बघा. तुमची भिंत लिटरला किती फूट देते ते कळेल, तो तुमचा आकडा. त्यावरून बाकीचा माल आणा. मोठी बादली लिटरमागं स्वस्त पडते, तुमच्याच यादीत ती २९५ ला आणि छोटा डबा ३१० ला पडला आहे. पण उरलेल्या पाच लिटर रंगाचं लोणचं घालता येत नाही. न फोडलेला डबा परत घेणार का, हे दुकानात आधीच विचारा. मशीनवर मिसळून दिलेली छटा सहसा कुणी परत घेत नाही, तेव्हा ती थोडी कमीच आणा, नंबर जपून ठेवा आणि लागली तर पुन्हा जा.

रंगाइतकाच खर्च रंगाआधी होतो. खरवडणं, पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, फरशीवर टाकायला जुन्या चादरी. चादरी तरी आपल्या गावात विकत घ्याव्या लागणार नाहीत. जिन्याला शहाबादी फरशी असेल तर ती नक्की झाका, त्या दगडात रंग मुरला की घासून हात दुखतात. हे सगळं धरून जो आकडा येईल, त्यावर जुन्या घराला मी शेकडा ३० चढवते. नव्या फ्लॅटला १० पुरतात. जुन्या घरात भिंत खरवडली की आत काय निघेल ते तिच्या आजोबांनाच माहीत. तो चढवलेला आकडाच चौघांना सांगायचा, आधीचा गोड आकडा सांगायचाच नाही. पैसे त्याचे निम्मे-निम्मे जमवायचे, उरले तर परत वाटायचे. आणि तोही आकडा ओलांडायची वेळ आली, तर ब्रश खाली ठेवायचा, वर जाऊन विचारायचं, मगच पुढचा डबा. बिलांचे फोटो चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच संध्याकाळी. सासूबाईंनाही दाखवा, पण त्यांना न्यायाधीश करू नका. दोन मुलांमध्ये निवाडा द्यायला लावणं ही त्यांच्यावर शिक्षा आहे.

भाडेकरूचं अजिबात करू नका. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ सांगतं. उलट भाडेकरूच मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, मालकानं टाळाटाळ केल्यास स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. दोन हजार मागायला गेलात आणि त्याला हे ठाऊक निघालं, तर अवघड होईल. पण दिरांच्या बोलण्यातून मला वेगळंच सुचलं. ते भाडं सध्या कुठं जातं? सासूबाईंच्या औषधपाण्याला जात असेल तर त्याला हात लावू नका. तसं नसेल, तर सासूबाईंना विचारून त्यातले दरमहा काहीशे रुपये घराच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या डब्यात टाका. भिशी चालवणाऱ्या बायकांना ही शिस्त शिकवावी लागत नाही. पुढची गच्ची, पुढचा रंग त्या डब्यातून निघाला तर दोन्ही भावांना खिशात हात घालावा लागणार नाही.

राहता राहिले ते ३,५७५. रोख मागितले की दिरांना तो सावकारी तगादा वाटतो, माल आणायला सांगितला की तोच माणूस दुकानात घासाघीस करून आणतो. म्हणून त्यांना म्हणा, "भाऊजी, गच्चीचे ३,५७५ राहिलेत, हा बघा हिशोब. जिन्याच्या रंगात आमचा वाटा निघेल ना, त्यात हे धरा. तुम्हीच पुट्टी-प्रायमर-रंग घेऊन या, पहिले ३,५७५ आमच्या वाट्याचे भरले म्हणून लिहू." त्यावर ते "आणतो की" म्हणतील. तेव्हा हसून एवढंच विचारा, कुठल्या वारी?